पेड बाय द कोर्स: व्याकरणशुद्ध वाक्यांनी घातलेला घोळ

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका अनुवादिकेचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. वाक्यं मात्र त्यांच्या परवानगीने जशीच्या तशी ठेवली आहेत, कारण सगळं प्रकरण त्या वाक्यांतच आहे.

बाईंचं इंग्रजी वाचन उत्तम. इंग्रजीतून मराठीत त्या सफाईने अनुवाद करतात, ऑनलाइन भाषा शिकवतात, आणि त्यांनी तयार केलेल्या स्वाध्यायांच्या विक्रीवर त्यांना थोडं कमिशनही मिळतं. परदेशातल्या एका प्रशिक्षण संस्थेने त्यांच्याकडे एक पानाचं पत्र मागितलं: सध्या उत्पन्न कुठून येतं, दर कसे आकारता, सवलत देता का. बाईंनी ते आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत केलं आणि पाठवून दिलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्यात पत्रातली तीन वाक्यं उद्धृत केली होती आणि प्रत्येकापुढे एक सभ्य प्रश्न होता. ते उत्तर घेऊन त्या माझ्याकडे आल्या. मी व्यावसायिक इंग्रजी लिखाण तपासून देते. उत्तर पाठवायला दोन दिवस होते.

अडचण

पहिलं वाक्य होतं, ‘आय ॲम पेड बाय द कोर्स.’ संस्थेने विचारलं: तुमचा दर एका कोर्सला ठरावीक असा आहे, तर मग खाली तासाचा दर का दिला आहे?

दुसरं, ‘आय लिव्ह ऑफ माय स्टुडन्ट्स.’ याचा अर्थ जरा उलगडून सांगाल का, एवढंच विचारलं होतं. पण त्या वाक्यामागचा अवघडलेपणा मला दिसत होता. हे वाक्य इंग्रजी कानाला ‘मी विद्यार्थ्यांच्या जिवावर जगते’ असं ऐकू येतं.

तिसरं सगळ्यात महागात पडू शकणारं: ‘आय कॅन रिड्यूस माय फी टू टेन पर्सेंट.’ संस्थेने लिहिलं होतं की ही तयारी उदार आहे, पण खात्री करून घेतो: तुमची फी वर दिलेल्या दराच्या १० टक्के असेल, असंच ना? म्हणजे नेहमीची फी १०० धरली तर बाईंनी १० वर काम करायची तयारी दाखवली होती. त्यांना म्हणायचं होतं ९०.

या तिन्ही वाक्यांत व्याकरणाची एकही चूक नाही. ज्या वाक्यांत चुका होत्या, त्यांबद्दल संस्थेने अवाक्षरही काढलं नव्हतं. त्याच पत्रात ‘आय अर्न मनी बाय ट्रान्सलेशन’ होतं, ‘आय टेक फीज ऑव्ह एडिटिंग’ होतं, ‘आय गेट कमिशन ऑव्ह एव्हरी सेल’ होतं. तिन्ही अशुद्ध, आणि तिन्ही वाचणाऱ्याला नीट समजली. चुकलेलं प्रेपोझिशन (‘बाय’, ‘फॉर’, ‘ऑन’ असा नामाआधी येणारा शब्द) वाचणारा मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. दुसऱ्याच अर्थाचं शुद्ध वाक्य मात्र तो दुरुस्त करत नाही, त्यावर विश्वास ठेवतो. पैशाच्या बाबतीत तर हमखास ठेवतो, कारण तिथे प्रत्येक शब्द तोलून लिहिला असणार असं तो धरून चालतो.

(एक खुलासा. मराठीत आपण दोन वेगळ्या इंग्रजी शब्दांना एकाच रूपात लिहितो: बँकांच्या नावांत येतो तो ‘ऑफ’ आणि दिवा बंद करतो तोही ‘ऑफ’. इथे पहिल्याला मी ‘ऑव्ह’ लिहिते आहे, कारण या प्रकरणात तो फरक महत्त्वाचा आहे. जुन्या इंग्रजीत हे दोन्ही एकच शब्द होते. जोर देऊन उच्चारलेलं रूप ‘ऑफ’ म्हणून वेगळं पडलं आणि १७व्या शतकापर्यंत दोघांची लेखनं स्वतंत्र झाली. आपल्या लिपीत ते अजून एकत्रच नांदतात, त्यामुळे मराठी कानाला त्यांच्यातलं अंतर चटकन जाणवत नाही.)

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा होता: मी पत्र दुरुस्त करून द्यायचं आणि त्यांनी ते पाठवायचं. वेळेच्या हिशेबाने हेच बरं होतं. पण बाईंना अशी पत्रं आता दर महिन्याला लिहायची होती, आणि प्रत्येक वेळी कुणाकडे तरी धावणं त्यांना नको होतं.

दुसरा, व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर. तो आम्ही तिथल्या तिथे करून पाहिला. त्याने ‘बाय ट्रान्सलेशन’ आणि ‘फीज ऑव्ह’ बरोबर पकडलं. ज्या तीन वाक्यांवर सगळं अडलं होतं, त्यांच्याखाली मात्र एकही रेघ उमटली नाही. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. बाईंच्या मनात ९० आहे की १०, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

तिसरा पर्याय बाईंनी सुचवला. कमाईच्या वाक्प्रयोगांची यादी करून पाठ करायची: अर्न फ्रॉम, पेड फॉर, कमिशन ऑन, लिव्ह ऑन. यादीला माझी ना नव्हती. पण ‘पेड बाय’सुद्धा त्या यादीत आलंच असतं, आणि घोळ तर तिथेच झाला होता.

चौथा, प्रेपोझिशन शक्य तिथे टाळायचं. इंग्रजीत हे बऱ्याचदा जमतं. ‘आय चार्ज अ फी फॉर ट्रान्सलेशन’ऐवजी ‘माय ट्रान्सलेशन फी इज’ लिहिलं की झालं. तासाचा दर सांगायलाही काही लागत नाही, रकमेपुढे ‘ॲन अवर’ पुरतं. हा पर्याय आम्ही राखून ठेवला.

पाचवा म्हणजे प्रत्येक अडलेल्या वाक्याचं मूळ मराठी काढून त्यातला प्रत्यय इंग्रजीत काय होऊन बसला ते पाहायचं. याला वेळ लागणार होता. तरी आम्ही हाच धरला, आणि त्यातही मी आधी चुकीच्या टोकापासून सुरुवात केली. त्याबद्दल पुढे येतंच.

काय केलं

बाईंच्या वहीत मराठी मसुदा होता. त्यातली ओळ अशी: ‘सध्या मला एका ऑनलाइन अभ्यासक्रमाकडून मानधन मिळतं.’ ‘कडून’चं सरळ ‘बाय’ झालं होतं. शब्दकोशात पाहिलं तर ते बरोबरच आहे. मग बिघडलं कुठे?

इंग्रजीतल्या ‘बाय’कडे पैशाच्या वाक्यांत निदान चार कामं आहेत. तो पैसे देणारा दाखवतो: ‘पेड बाय द क्लायंट’, ग्राहकाकडून. तो कमाईची रीत दाखवतो, आणि तेव्हा त्याच्या पुढे क्रिया लागते: ‘अर्न बाय टीचिंग’, शिकवून. तो मोजमाप दाखवतो, ‘द’सह: ‘पेड बाय द अवर’, तासावारी, ‘बाय द वर्ड’, शब्दावारी. आणि तो वाढ-घटीतला फरक दाखवतो: ‘बाय टेन पर्सेंट’, दहा टक्क्यांनी. मराठीत या चार कामांना चार वेगळी रूपं आहेत: कडून, ऊन, वारी, नी. आपल्याकडे प्रत्ययच काम सांगतो. इंग्रजीत प्रेपोझिशन गप्प असतं, आणि काम कोणतं ते पुढच्या नामावरून ठरतं. ‘अवर’ पैसे देऊ शकत नाही, म्हणून ‘बाय द अवर’ म्हणजे मापच. ‘क्लायंट’ देऊ शकतो आणि सहसा त्याच्यावरून दर मोजला जात नाही, म्हणून तो देणारा. ‘कोर्स’ मात्र मधेच लटकतो. कोर्स स्वतः पैसे देत नाही, तो चालवणारी संस्था देते. कोर्सवरून मोजमाप मात्र सर्रास होतं. त्यामुळे इंग्रजी वाचकाने माप धरलं, आणि त्याच्या जागी मीही तेच धरलं असतं.

मी बाईंना म्हटलं, “प्रेपोझिशन लिहिण्याआधी त्याच्या पुढे येणाऱ्या शब्दाला विचारा, तू कोण? पैसे देणारा, पैसे मिळवून देणारं काम, मोजायचं माप, की टक्के ज्यावर काढायचे ती रक्कम?”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, मी आजवर मागच्या शब्दाला विचारत होते. अर्नच्या पुढे काय लागतं, पेडच्या पुढे काय लागतं.”

या एका वाक्याने आमचं काम निम्मं केलं. ‘पेड’च्या पुढे सगळंच लागतं: देणाऱ्याला ‘बाय’, कामाला ‘फॉर’, पैसे कोणत्या रूपात मिळाले त्याला ‘इन’, काम हाती पडल्यावर मिळाले तर ‘ऑन डिलिव्हरी’, खात्यात जमा झाले तर ‘इन्टू’. क्रियापद पाठ करून यातलं काहीच हाती लागत नाही. पहिलं वाक्य आम्ही असं केलं: मला अभ्यासक्रम चालवणारी संस्था मानधन देते, तासावारी. इंग्रजीत ‘पेड बाय द इन्स्टिट्यूट’ आणि लगेच ‘बाय द अवर’. दोन ‘बाय’ शेजारी शेजारी बसले आणि एकमेकांच्या आड आले नाहीत, कारण पुढची नामं आता स्वच्छ होती.

दुसऱ्या वाक्याचं मराठी होतं, ‘माझा चरितार्थ विद्यार्थ्यांवर चालतो.’ आपल्या कानाला यात कृतज्ञता आहे. इंग्रजीत मात्र ‘ऑफ’च्या पुढे माणसं आली की ओरबाडण्याचा वास येतो. ‘मेक मनी ऑफ’ बोलण्यात सहज येतं, वस्तूंबद्दल ते खपतंही; माणसांबद्दल नाही. ‘आउट ऑव्ह’सुद्धा माणसांच्या बाबतीत जपून वापरावं. ‘लिव्ह ऑन’ घेतलं तर पुढे रक्कम हवी, पगार किंवा बचत. विद्यार्थी तिथे बसत नाहीत. मग आम्ही प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजी मजकुराचे दोन मोठे संग्रह उघडले: ब्रिटिश नॅशनल कॉर्पस, साधारण १० कोटी शब्दांचा, आणि कॉर्पस ऑव्ह कन्टेम्पररी अमेरिकन इंग्लिश, १९९० ते २०१९ मधल्या मजकुराचा, १ अब्जाहून मोठा. ‘मेक अ लिव्हिंग’ टाकून पुढे काय काय येतं ते नुसतं वाचत गेलो. किती वेळा येतं ते मोजलं नाही. माझा आग्रह होता की प्रत्येक ओळ पुढच्या नामापर्यंत वाचायची. ‘बाय’च्या पुढे क्रिया येत होत्या, ‘फ्रॉम’च्या पुढे स्रोत, ‘ॲज’च्या पुढे पेशे. बाईंनी स्वतःच ‘ॲज’ निवडलं: ‘आय मेक माय लिव्हिंग ॲज अ ट्रान्सलेटर ॲन्ड टीचर.’ विद्यार्थी वाक्यातून गेले आणि त्यांच्याबरोबर तो वासही.

तिसऱ्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि त्यातला बराचसा वाया. मला वाटलं, बाईंना ‘बाय टेन पर्सेंट’ आणि ‘टू टेन पर्सेंट’ यांतला फरक माहीत नाही. मी शंभराचं उदाहरण घेऊन समजावू लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वही पुढे केली. मराठी वाक्य होतं, ‘मी माझी फी दहा टक्क्यांपर्यंत कमी करू शकते.’ त्यांनी ‘पर्यंत’चं ‘टू’ केलं होतं. फरक त्यांना पक्का ठाऊक होता.

मग लक्षात आलं की गोंधळ मराठीतच आहे. ‘तापमान दहा अंशांपर्यंत कमी झालं’ म्हणजे पारा दहावर आला. ‘फी दहा टक्क्यांपर्यंत कमी करते’ म्हणजे फार तर दहा टक्के उतरवते. रचना तीच, अर्थ उलटा, आणि आपल्याला कधीच अडत नाही, कारण कुणी नव्वद टक्के फी सोडत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. मराठीत व्यवहारज्ञान भरून काढत होतं ती जागा इंग्रजीत ‘टू’ने पक्की भरून टाकली. बरोबर रूप ‘बाय अप टू टेन पर्सेंट’. त्यात ‘बाय’ फरक सांगतो आणि ‘अप टू’ त्या फरकाची कमाल मर्यादा. दोन्ही हवेत.

बाकीची वाक्यं पटापट झाली. ‘बाय ट्रान्सलेशन’ला नाम नको, क्रिया हवी, म्हणून ‘बाय ट्रान्सलेटिंग’; किंवा स्रोत म्हणायचा असेल तर ‘फ्रॉम ट्रान्सलेशन’. दोन्ही चालतात. मराठी ‘तून’ या दोन्ही जागी बसतो, म्हणून आपल्याला निवड करावी लागते आहे हेच जाणवत नाही. संपादनाच्या फीला ‘फॉर’. विक्रीवरच्या कमिशनला ‘ऑन’. व्याज, परतावा, एखाद्या सौद्यातला नफा यांनाही तोच, कारण पुढे ती रक्कम किंवा तो व्यवहार येतो ज्यावर हिशेब बसतो. इथे मराठी ‘वर’ कामाला येतो: विक्रीवर कमिशन, ठेवीवर व्याज.

निर्णयाच्या जागा

दोन ठिकाणी आमचं एकमत नव्हतं.

मला सगळं पत्र दुरुस्त करून नव्याने पाठवायचं होतं. बाईंनी नाही म्हटलं. “त्यांनी तीनच गोष्टी विचारल्यात. सगळंच बदलून पाठवलं तर त्यांना वाटेल, मी दरच बदलले.” त्यांचं बरोबर होतं. पैशाची बोलणी सुरू असताना नवा मजकूर म्हणजे समोरच्याला नवा प्रस्ताव वाटतो. आम्ही तीन प्रश्नांची तीन उत्तरं पाठवली. दुरुस्त केलेलं संपूर्ण पत्र बाईंनी पुढच्या ग्राहकांसाठी ठेवून घेतलं.

दुसरी जागा सवलतीची. बाईंना ते वाक्य सरळ मागे घ्यायचं होतं: सवलत नाही, विषय संपला. मला ते धोक्याचं वाटलं, कारण संस्थेने ‘उदार’ असा शब्द वापरून उत्तर दिलं होतं आणि आता सगळीच सवलत काढून घेतली तर शब्द फिरवल्यासारखं दिसलं असतं. चूक भाषेची होती, ती भाषेची म्हणूनच सांगावी असं माझं मत. शेवटी त्यांनी लिहिलं की माझ्या वाक्यात प्रेपोझिशन चुकलं. फी दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकते, आणि वर दिलेल्या दराच्या नव्वद टक्क्यांखाली ती कधीही जाणार नाही. ‘नाइंटी पर्सेंट ऑव्ह द रेट’ ही भर माझी होती. एकच रक्कम दोन बाजूंनी सांगितली की प्रेपोझिशन चुकलं तरी अर्थ ढळत नाही. हे मी आता प्रत्येकाला करायला लावते.

परिणाम

संस्थेने तिन्ही खुलासे मान्य केले, काम मिळालं. सवलतीच्या बाबतीत मात्र आमच्या मनासारखं झालं नाही. ‘अप टू टेन’ वाचून त्यांनी पहिल्याच कामाला पुरे दहा टक्के मागितले, आणि बाईंनी दिले. कमाल मर्यादा लेखी सांगितली की समोरचा तिथूनच बोलायला सुरुवात करतो. हा भाग भाषेचा नव्हे, वाटाघाटीचा. पण त्या वेळी तो मला सुचला नाही, आणि सुचायला हवा होता. कोणत्या कामाला किती सवलत हे त्याच वाक्यात घालता आलं असतं.

दोन महिन्यांनी त्यांचं दुसरं पत्र पाहिलं. ‘बाय’ आणि ‘फ्रॉम’ सगळीकडे नेटके होते. एका ठिकाणी ‘आय वॉज पेड ऑन द प्रोजेक्ट’ होतं. ‘वर’ म्हणजे ‘ऑन’ ही चावी त्यांनी जरा जास्तच फिरवली होती. कमिशन प्रकल्पावर मिळतं, मोबदला प्रकल्पासाठी मिळतो, म्हणून तिथे ‘फॉर’. ती चावी मीच त्यांच्या हाती दिली होती, आणि ती कुठे लागत नाही हे सांगायचं राहून गेलं होतं.

आज वेगळं काय केलं असतं

पहिला पाऊण तास मी ‘फ्रॉम’ आणि ‘बाय’चा फरक शिकवण्यात घालवला होता, कारण ‘बाय ट्रान्सलेशन’ माझ्या डोळ्यांना सगळ्यात जास्त खुपत होतं. पत्र तपासणाऱ्याचा डोळा अशुद्धाकडे धावतो. त्या दिवशी निकड होती ती शुद्ध दिसणाऱ्या वाक्यांची. आज मी आधी विचारते: या पत्रातल्या कोणत्या वाक्यातून कुणी पैसे जास्त किंवा कमी मागू शकेल? तिथून सुरुवात करते.

मराठी मसुदाही मी पहिल्या मिनिटाला मागितला असता. तिसऱ्या वाक्याचं कोडं इंग्रजीकडे कितीही वेळ बघून सुटलं नसतं. आता बाई मसुदा दोन रकान्यांत लिहितात, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, आणि ‘पर्यंत’, ‘कडून’, ‘वर’, ‘तून’ यांच्याखाली पेन्सिलने रेघ मारतात. मागच्या आठवड्यात त्यांनी अशाच एका पानाचा फोटो पाठवला. ‘कमिशनच्या रूपात मिळालेली रक्कम’ यातल्या ‘रूपात’खाली दोन रेघा होत्या आणि उजवीकडे पुढचं नाम, ‘कमिशन’, गोलात घेतलं होतं. त्या नामाआधी त्यांनी लिहिलं होतं ‘इन’. शेजारी प्रश्नचिन्ह होतं. मी ते प्रश्नचिन्ह खोडून बरोबरची खूण करून फोटो परत पाठवला.